सात नंबरचा मान

"चांदणीचं एवढंच होतं, ताई. संपलं."

आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस नबीलालभाई यांनी रिकामी कुपी खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा एकदा हलवून पाहिली. तळाशी काहीच नव्हतं. कुपी कचऱ्याच्या डब्यात न टाकता त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि मी ते पाहिलंच नाही असं दाखवलं.

चांदणी म्हणजे प्रयोगशाळेमागच्या पिंजऱ्यातली पांढरी ससुली. तिच्या रक्तातून आम्ही प्रतिपिंडं काढत असू. ज्वारीच्या पानात एक आम्ल तयार होतं, अ‍ॅब्सिसिक आम्ल. झाडाला पाणी कमी पडलं की पान ते बनवतं आणि त्याच्या जोरावर आपली रंध्रं मिटून घेतं, म्हणजे असलेली ओल उडून जात नाही. हे आम्ल इतकं थोडं असतं की ते कुठल्याही तराजूत सापडत नाही. चांदणीच्या रक्तातली प्रतिपिंडं मात्र त्याला बरोबर ओळखून धरायची. ती दिवाळीत मेली. दोन नवे ससे आणले होते, पण त्यांचं रक्त कामाचं व्हायला अजून चार महिने तरी लागणार होते. तोवर फ्रीजरमध्ये जे काही चांदणीचं उरलं होतं त्यावरच भागवायचं होतं, आणि त्या मंगळवारी संध्याकाळी मी शेवटचा थेंब एका प्लेटच्या शहाण्णव खळग्यांत वाटून टाकला होता. एक प्लेट. शहाण्णव खळगे. त्यापुढं काही नाही.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या जानेवारीतली. सोलापूरच्या पुढं काळ्या रानात आमचं छोटं ज्वारी संशोधन केंद्र होतं आणि मी तिथं डॉ. बोरामणीकर सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते. सरांनी चौदा वर्षं खपून शाळूचा एक वाण तयार केला होता. त्याला अजून नाव नव्हतं, शेतावरच्या पाटीवर नुसता सात आकडा होता. बाकीच्या वाणांपेक्षा सात नंबर दुप्पट आम्ल बनवतो, म्हणून कमी ओलीत तग धरतो, असं आमचं म्हणणं. दोन वर्षांचे आकडे तसं सांगत होते. गुरुवारी अकरा वाजता विद्यापीठात वाण निवड समिती बसणार होती. तिसऱ्या वर्षाचे आकडे त्याच प्लेटवर काढायचे, ते दाखवायचे की सात नंबर पास. जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. माझा प्रबंधही सात नंबरवरच उभा होता.

"उद्या नीट लाव बाई," जाताना सर दारातून म्हणाले. "आणि हो, सकाळी शेतावर जाऊन सात नंबरचा एक फोटो काढून आण. कोवळ्या उन्हात बरा येतो. मुलगी दाखवायला न्यायची तर फोटो चांगला नको?"

सर असे क्वचितच हसायचे. मी रात्रभर त्या हसण्याच्या आनंदात होते.

बुधवार हा पानं तोडायचा वार. एरवी बुधवारी सकाळी मी जीपनं दूध संघाच्या केंद्रावर जात असे. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तिथं द्रव नायट्रोजन ठेवलेला असायचा, त्यातलं एक कॅन भरून मी पावणेनऊच्या सुमारास शेतावर पोचायचे. मग बायका पानं तोडून थेट त्या धुरकट थंडीत टाकायच्या आणि पान जागच्या जागी दगड व्हायचं. त्या दिवशी फोटोमुळं कॅन आणायला नबीलालभाई गेले आणि मी आठ वाजताच शेतावर हजर झाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

हौसाबाई आधीच आली होती. शेतावरच्या चार बायकांची ती म्होरकी. साठीच्या आसपासची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं सात नंबरच्या वाफ्याशी येऊन पदर खोचला, मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वरून तिसरं पान हलकेच मोडून घेतलं. मग पुढच्या झाडाचं. मग त्यापुढच्या.

"मावशी, अहो, गाडी कुठं आलीय अजून?" मी कॅमेरा गळ्यात अडकवत म्हणाले. "आत्तापासून कशाला तोडताय?"

"ह्यो सायबाचा वाण न्हवं का म्याडम? याचा मान पयला." तिनं दहावं पान तोडलं. "याची पानं पयली काढून ठिवायची. मग गाडी आली की बाकीच्यांची."

"नेहमी असंच करता?"

"दोन वरीस झाली की. पर काळजी नगा करू. उन्हात न्हाई ठिवत." तिनं बाभळीखाली बोट दाखवलं. तिथं एक पांढरं स्वच्छ फडकं चार दगडांनी दाबून अंथरलेलं होतं. "धुवट फडक्यावर ठिवतो. आज तर नवं आणलंया. सायबाचं उद्या काम हाय म्हनं."

तिनं दहाही पानं त्या फडक्यावर एकमेकांना न लावता मांडली. देवापुढं विड्याची पानं मांडावीत तशी.

मी घड्याळात पाहिलं.

तोडलेल्या पानाला आपण तोडलो गेलो हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की खालून पाणी यायचं थांबलं. ते घाबरून आम्ल बनवू लागतं. पाऊण तास कोरड्या वाऱ्यात पडलेल्या पानात आम्ल दुप्पट व्हायला काहीच हरकत नव्हती. म्हणून तर आमच्या नमुना-पत्रकात शेवटचा रकाना होता: 'पाने तोडल्याबरोबर गोठवली.' त्याखाली सही. दोन हंगामांत अकरा अकरा बुधवार, बावीस पत्रकं, बावीस सह्या. सगळ्या माझ्या, या हंगामाच्या वेगळ्याच. आणि त्यातल्या एकाही बुधवारी पहिलं पान तोडताना मी शेतावर नव्हते.

मला एक जुनी गोष्ट आठवली. भरपूर पाणी दिलेल्या वाफ्यातही सात नंबरचा आकडा दुप्पटच येई. पाणी असताना झाड कशाला घाबरेल, असं मी सरांना एकदा विचारलं होतं. "ही जात आधीपासूनच सावध असते," सर म्हणाले होते. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर मी ते पटवून घेतलं होतं, कारण त्यात माझा प्रबंध सुखरूप होता.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. बाभळीखालच्या पानांच्या कडा हलकेच आत वळू लागल्या होत्या.

मी कॅमेरा गळ्यातून काढून बांधावर ठेवला आणि तीन नंबरच्या वाफ्यात शिरले. तीन नंबर म्हणजे साधा गावरान शाळू, तुलनेसाठी लावलेला. त्याची दहा पानं तोडून मी हौसाबाईच्या फडक्यावर, सात नंबरच्या शेजारी मांडली. का, ते त्या क्षणी मलाही धड सांगता आलं नसतं. सरांनी डोक्यात भरवलेली सवय होती ती. पानाशेजारी पान ठेवल्याशिवाय पानाबद्दल बोलायचं नाही, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

हौसाबाईला हसू आलं. "आज गावरानाला बी मान?"

"आज त्यालाही, मावशी."

जीप आली तेव्हा नऊला दहा कमी होते. मी नबीलालभाईंना कॅन वाफ्याच्या तोंडाशीच आणायला लावलं. मग सात नंबरची दहा आणि तीन नंबरची दहा ताजी पानं स्वतः तोडली आणि मोडल्या क्षणी आत टाकली. त्यानंतर बाभळीखालची वीस, वेगळ्या पिशव्यांत. चाळीस पानं. फोटो काढायचा राहूनच गेला.

"ताई, ही चाळीस कशाला?" जीपमध्ये नबीलालभाईंनी विचारलं. "या वर्षाचे अर्क तर परवाच तयार केलेत."

मी सांगितलं.

"म्हणजे प्लेटवर या वर्षाचे नमुने लावायचे नाहीत?"

"दोन्ही मावत नाहीत."

"सरांना विचारलंत?"

"नाही."

"मग मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पण पूड करायला खलबत्ता मी गार करून देतो. चांदणी एकदाच मेली ताई. प्लेट बिघडली तर पुन्हा नाही."

सरांना सांगितलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, असं मी पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगत आले. ते खोटं आहे. बावीस सह्या खोट्या आहेत हे तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. जे सांगायचं ते प्लेटनं सांगावं, असं मला वाटत होतं. भित्र्या माणसाला पुराव्याचा फार आधार वाटतो.

चाळीस पानांची पूड करून गार पाण्यात तिचा अर्क काढेपर्यंत बारा वाजले. प्लेट मी अशी मांडली: डावीकडचे दोन उभे स्तंभ मोजमापाच्या ठरलेल्या द्रावणांसाठी. उरलेल्या जागेत आडवे चार पट्टे. पहिल्या पट्ट्यात सात नंबरची ताजी पानं. दुसऱ्यात तीन नंबरची ताजी. तिसऱ्यात सात नंबरची फडक्यावरची, चौथ्यात तीन नंबरची फडक्यावरची. शेवटच्या खळग्यापर्यंत प्लेट भरली.

मी तिसऱ्या पट्ट्यात असताना दार वाजलं.

"कोरे, लागली का?" सरांनी मला आडनावानं हाक मारली. ते आत आले नाहीत. प्लेट लावताना दार उघडायचं नाही हा त्यांचाच नियम होता.

"लावतेय सर."

"हात थरथरतोय?"

"नाही सर."

"थरथरू दे गं. पिपेट दाबताना तेवढा थांबव म्हणजे झालं." मग ते नबीलालभाईंना म्हणाले, "उद्या माझा कोट इस्त्री करून आणाल का? मंडळींना वाटायला हवं, चौदा वर्षांनी माणूस आलाय."

"आणतो साहेब," नबीलालभाई म्हणाले. ते माझ्याकडं बघायचं टाळत होते.

अर्कावर मी आमचं खुणेचं आम्ल घातलं. या चाचणीतली गंमत अशी की यात सगळं उलटं दिसतं. पानातलं आम्ल आणि आम्ही बाहेरून घातलेलं खुणेचं आम्ल, दोघंही प्रतिपिंडावरच्या त्याच जागेसाठी भांडतात. पानातलं जास्त असलं की खुणेच्या आम्लाला जागा मिळत नाही. आणि शेवटी पिवळा रंग येतो तो खुणेच्या आम्लामुळं. म्हणजे जिथं रंग फिका, तिथं पानातलं आम्ल जास्त. जिथं रंग गडद, तिथं पानात फारसं काही नाही.

तीन तास प्लेट फ्रीजमध्ये होती. साडेतीनला मी ती धुतली, रंगाचं औषध घातलं आणि उबदार पेटीत ठेवली. आता चाळीस मिनिटं. नबीलालभाईंनी चहा आणला. मी घेतला नाही. त्यांनीही घेतला नाही. दोन कप शेजारी शेजारी निवत राहिले.

दहा मिनिटांनी मी पेटीचं दार उघडलं. पहिला पट्टा पिवळा होऊ लागला होता.

वीस मिनिटांनी तो सरळसरळ झेंडूच्या रंगाचा झाला. सात नंबर, ताजा. त्याच्याखाली तीन नंबर, ताजा. दोघांत रंगाचा तिळमात्र फरक नव्हता. तिसरा पट्टा, फडक्यावरचा सात नंबर, पाण्यासारखा पांढुरका राहिला होता. दुप्पट आम्ल होतं, पण ते बाभळीखाली तयार झालेलं होतं.

"संपलं," मी म्हणाले. बहुतेक मोठ्यानं म्हणाले, कारण नबीलालभाईंनी मान खाली घातली.

सव्वाचारला सर आले. आता दार उघडायला हरकत नव्हती. त्यांच्या हातात उद्याची फाइल होती आणि चष्मा कपाळावर चढवलेला होता. त्यांनी प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली आणि नेहमीसारखं बोट न लावता वरून पाहिलं.

"यातला सात नंबर कुठला?"

"पहिला पट्टा, सर."

"हा?" ते हसले. "अगं, हा पिवळा आहे. तू उलटं लावलंस."

"नाही सर."

सरांनी चष्मा खाली घेतला. मी सगळं सांगितलं. फडकं, मान, पाऊण तास, बावीस पत्रकं. या वर्षाचे नमुने प्लेटवर नाहीत हेही सांगितलं. बोलताना मी प्लेटकडं बघत होते. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चौदा वर्षं," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याची मला जास्त भीती वाटली. "चौदा वर्षं मी या रोपाला लेकरासारखं सांभाळलं. शेवटची प्लेट होती ही. आणि तू मला न विचारता..."

"विचारलं असतं तर सर..."

"विचारलं असतं तर काय केलं असतं मी?" ते एकदम ओरडले. नबीलालभाई दारापर्यंत मागं सरकले. "खोटं बोललो असतो? तेवढं ओळखलंस मला चार वर्षांत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"हौसाबाई पानं तोडत होती." सर आता हळू, एकेक शब्द तोडून बोलत होते. "तिला काय ठाऊक? तिनं प्रेमानं केलं. आणि तू कुठं होतीस?"

"जीपमध्ये, सर."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

ते स्टुलावर बसले. फाइल मांडीवर ठेवली आणि तिच्या दोऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. आता ते मला बाहेर जायला सांगतील असं मला वाटलं. मी ॲप्रनची बटणं काढायलाही सुरुवात केली होती.

तेवढ्यात सरांनी पुढं वाकून प्लेट पुन्हा ओढली.

"हा चौथा पट्टा कशाचा?"

"तीन नंबर. फडक्यावरचा."

"हा तू का ठेवलास?"

"तुम्हीच म्हणता सर... पानाशेजारी पान."

सरांनी चौथा पट्टा पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत पाहिला. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि प्लेट माझ्याकडं फिरवली. "बघ. नीट बघ. डोळे पुस."

चौथा पट्टा पिवळा होता. पहिल्या दोघांइतका गडद नाही, पण पिवळाच. मी तो दुपारी माझ्या हातानं लावला होता आणि त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष माझ्या अपराधावर होतं.

"दोन्ही पानं एकाच फडक्यावर," सर म्हणाले. "एकच वारा, एकच पाऊण तास. गावरान अजून विचार करतोय आणि सात नंबरनं दारं लावूनही घेतली." त्यांनी पहिल्या पट्ट्याकडं बोट दाखवलं. "हा आधीपासून सावध नाही कोरे. मी चुकीचं म्हणत होतो. पण संकट आलं की हा पहिला उठतो."

मी प्लेट रंग मोजणाऱ्या रीडरमध्ये घातली. कागदाची पट्टी आकडे छापत बाहेर येऊ लागली. डोळ्यांनी जे दिसत होतं तेच आकडे सांगत होते.

"मग सर, उद्या हेच मांडू या!" मी जवळजवळ ओरडलेच.

"एका प्लेटवर?" सरांनी पट्टी फाडून घेतली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "दहा पानांवर शेतकऱ्यानं रान पेरायचं? आणि फाइलीत त्या बावीस पत्रकांना ठेवून?"

"पण सर, जूनमध्ये तुम्ही..."

"जूनमध्ये मी घरी जाईन. तुझा प्रबंध तीन वर्षं मागं जाईल. ते चालेल तुला?"

खरं तर नाही चालणार, असंच मनात आलं होतं. घरी लग्नाचं बघत होते, शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. मी हो म्हणाले ते केवळ सर बघत होते म्हणून. पण एकदा हो म्हटल्यावर ते निभावलं एवढं खरं.

गुरुवारी समितीपुढं सर इस्त्रीच्या कोटात उभे राहिले आणि पाच मिनिटांत खाली बसले. सात नंबरचा प्रस्ताव मागं घेतो, नमुने घेण्यात चूक झाली, आकडे धरू नयेत, एवढंच बोलले. मी मागच्या खुर्चीत होते.

"चूक कोणाची?" अध्यक्षांनी विचारलं. खोलीत सगळ्यांनी माना वळवल्या.

"पानं तोडताना शेतावर माणूस नव्हता," सर म्हणाले. "माणूस उभा करायचं काम माझं होतं."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मागून कोणीतरी हलकं हसलं. सरांनी ते ऐकलं, हे त्यांच्या मानेवरून मला कळलं.

शुक्रवारी सर स्वतः शेतावर आले. हौसाबाई बांधावर वाट बघत होती.

"सायब, पास झालं का आमचं सात नंबर?"

"अजून एक परीक्षा आहे, हौसाबाई." ते बांधावर तिच्याशेजारी बसले. "आणि पुढच्या सालापासून एक करायचं. कोणाची पानं आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मान सगळ्यांना सारखा. आणि गाडी आल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही."

हौसाबाईनं थोडा विचार केला. "बरं झालं सायब. त्या गावरानाकडं बघवत नव्हतं. कवाच पयला नंबर न्हाई बिचाऱ्याचा."

सर मोठ्यानं हसले. चिठ्ठ्या कशासाठी ते त्यांनी तिला सांगितलं नाही. मीही कधी सांगितलं नाही.

जूनमध्ये सर निवृत्त झाले. चांदणीच्या जागी आलेल्या सशांनी चांगलं रक्त दिलं, नबीलालभाईंनी त्यांची नावं मात्र ठेवली नाहीत. मला शिष्यवृत्ती वाढवून मिळाली नाही, पण केंद्रावर तात्पुरत्या सहायकाची जागा मिळाली. ताजी पानं, ठेवलेली पानं, सात नंबर, गावरान आणि आणखी चार वाण, पाच हंगाम. दरवर्षी तेच येत राहिलं. आम्ही त्याला दुप्पट आम्लाचा वाण म्हणणं सोडून दिलं. लवकर जागा होणारा वाण, असं आमच्या अहवालात लिहिलं जाऊ लागलं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात समितीनं सात नंबर पास केला. पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी सोलापूरला सरांच्या घरी गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. सरांच्या पत्नीनं मला चेहऱ्यावरून ओळखलं, सरांनी आवाजावरून.

"कोरे? ये. बस."

"सर, पास झाला. हे पत्र."

त्यांनी हात पुढं केला नाही. पंख्याखाली ते तसेच ताठ बसून राहिले.

"पानं कोणी तोडली?"

"हौसाबाईनंच, सर. शेवटच्या हंगामात तिला उभं राहवत नव्हतं. बसून तोडली."

"आधी कोणाची?"

"चिठ्ठ्या टाकून. दर बुधवारी वेगळी."

"आणि तू कुठं होतीस?"

पाच वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, हे तो कानावर पडला तेव्हा मला कळलं.

"तिच्या शेजारी, सर," मी म्हणाले. "एकही बुधवार चुकवला नाही."

सरांनी हिरवा चष्मा काढला, डोळे पुसले आणि मग पत्रासाठी हात पुढं केला.